मणिभवन : यजमानाचे घर

मुंबईत गावदेवीच्या लॅबर्नम रोडवर मणिभवन नावाचे जुने घर आहे. तळमजला, वर दोन मजले, त्यावर गच्ची आणि रस्त्याकडे लाकडी कठड्यांचे सज्जे अशी त्याची बांधणी आहे. रेवाशंकर जगजीवन झवेरी या काठेवाडी जवाहिऱ्याच्या कुटुंबाची ही वास्तू १९१२ च्या सुमारास उभी राहिली. १९१७ ते १९३४ या काळात मोहनदास करमचंद गांधी मुंबईत आले की बहुधा इथेच उतरत. १९५५ मध्ये गांधी स्मारक निधीने घर ताब्यात घेतले आणि तेव्हापासून ते ‘मणिभवन गांधी संग्रहालय’ म्हणून जतन केलेले आहे.

महाराष्ट्रात थोरामोठ्यांची जपलेली घरे आणखीही आहेत. पुण्याचा केसरीवाडा टिळकांनी स्वतः विकत घेतलेला वाडा होता. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ग्रंथांसाठी आणि कुटुंबासाठी बांधून घेतले. त्या दोन्ही ठिकाणी घराचा मालक आणि स्मारकाचा नायक एकच आहे. मणिभवनाचे तसे नाही. ज्याच्या नावाने ते ओळखले जाते तो पाहुणा होता, आणि घर ज्याचे होते त्याचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. या वास्तूचा इतिहास सांगायचा तर यजमानापासूनच सुरुवात करणे रास्त ठरते.

रेवाशंकरभाईंचे घराणे सौराष्ट्रातल्या मोरबीचे. आडनाव मेहता, जवाहिऱ्याच्या धंद्यामुळे रेवाशंकरभाई झवेरी म्हणून ओळखले जाऊ लागले. धाकटे बंधू प्राणजीवन मेहता वैद्यक आणि कायदा असे दोन्ही शिकले आणि पुढे रंगूनला जवाहिऱ्याच्या व्यापारात स्थिरावले. १८८८ मध्ये तरुण गांधी लंडनला उतरले तेव्हा त्यांना भेटायला आलेल्या पहिल्या माणसांत हे डॉ. मेहता होते. विलायतेत कसे बसावे, कसे बोलावे, कशाला हात लावू नये याचे पहिले धडे त्यांनीच दिले. ही मैत्री १९३२ मध्ये डॉ. मेहतांच्या मृत्यूपर्यंत टिकली आणि गांधीजींच्या कामाला त्यांच्याकडून पैशाचे मोठे पाठबळ मिळत राहिले.

१८९१ च्या जुलैत गांधीजी बॅरिस्टर होऊन परतले ते मुंबईत डॉ. मेहतांच्या घरीच उतरले. तिथे त्यांची रायचंदभाईंशी, म्हणजे श्रीमद् राजचंद्र यांच्याशी ओळख झाली. रायचंदभाई हे डॉ. मेहतांच्या एका थोरल्या भावाचे जावई आणि रेवाशंकर जगजीवन या पेढीचे भागीदार. शंभर गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. गांधीजींनी आपल्याला येत असलेल्या परभाषांमधले शब्द लिहून काढले आणि वाचून दाखवले. रायचंदभाईंनी ते सगळे त्याच क्रमाने परत म्हटले. तरुण बॅरिस्टरच्या मनावर खरा ठसा मात्र दुसऱ्याच गोष्टीचा उमटला. पेढीवर हिरे-मोत्यांचे लाखोंचे व्यवहार चालत, पण या माणसाच्या गादीशेजारी नेहमी एखादा धर्मग्रंथ आणि रोजनिशी असे. सौदा संपला की तो उठत नसे, ग्रंथ उघडून बसे. गांधीजींनी ज्यांना आपल्या आयुष्यावर सर्वांत खोल परिणाम करणारे म्हटले, त्या मोजक्या माणसांपैकी रायचंदभाई एक होते. १९०१ मध्ये ते गेले, तेव्हा वयाची चौतिशीही पूर्ण झालेली नव्हती.

रायचंदभाई गेले तरी गांधी आणि झवेरी या दोन घरांचे नाते सुटले नाही. १९०२ मध्ये गांधीजी मुंबईत वकिली करू लागले आणि गिरगावात भाड्याच्या जागेत राहिले. तिथे दुसरा मुलगा मणिलाल विषमज्वराने अंथरुणाला खिळला. मुलगा बरा झाल्यावर ती कोंदट जागा सोडायचे ठरले तेव्हा रेवाशंकरभाई त्यांच्याबरोबर घरे बघत हिंडले, आणि दोघांनी मिळून सांताक्रूझचा एक हवेशीर बंगला पसंत केला. पुढे ज्या माणसाच्या घरी काँग्रेसच्या कार्यकारिणीच्या बैठका भरल्या, त्याचा गांधीजींशी संबंध असा अगदी घरगुती कामांतून वाढलेला होता. राजकीय अनुयायी म्हणून रेवाशंकरभाई जवळ आले नाहीत. ते आधी स्नेही होते, आणि स्नेह्याचे राजकारण वाढत गेले तसतसे त्यांचे घर त्यात ओढले गेले.

मणिभवन ज्या भागात आहे तो भागही त्याच काळाचे अपत्य आहे. १८९६ च्या प्लेगने मुंबईतल्या दाट वस्तीचे पितळ उघडे पाडले. हवा-उजेड नसलेल्या गल्ल्या, एकमेकींना चिकटलेल्या चाळी, उघडी गटारे यांच्यावर उपाय म्हणून १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने एकीकडे जुनी वस्ती पाडून रुंद रस्ते काढले आणि दुसरीकडे चौपाटी-गावदेवीसारख्या भागांत नवे भूखंड आखून ते घरबांधणीसाठी दिले. पायधुणी, भुलेश्वर, झवेरी बाजार या गजबजाटात पेढी ठेवून राहते घर मात्र समुद्राच्या वाऱ्याला न्यायचे, ही रीत सुखवस्तू व्यापाऱ्यांत याच सुमारास रुळली. गावदेवी हे नाव ग्रामदेवतेवरून आलेले, अस्सल इथले. रस्त्याला मात्र साहेबी नाव मिळाले. इंग्रज लोक बहाव्याच्या झाडाला ‘इंडियन लॅबर्नम’ म्हणत. चैत्र-वैशाखात पिवळ्या घोसांनी लगडणाऱ्या या झाडाचे नाव रस्त्याला मिळाले. आजूबाजूच्या मुंबईच्या मानाने हा रस्ता तेव्हाही शांत होता आणि आजही बराच शांत आहे.

१९१७ पासून गांधीजी इथे उतरू लागले. चंपारण आणि खेडा इथल्या लढ्यांचे हे दिवस, त्यामुळे सुरुवातीचे मुक्काम धावपळीचे होते. घराशी त्यांचे नाते घट्ट झाले ते आजारपणात. १९१८ च्या पावसाळ्यात खेडा जिल्ह्यात आमांशाने त्यांना जवळजवळ मरणाच्या दारात नेले. तब्येत सुधारेना म्हणून त्यांना मुंबईत आणले गेले आणि १९१९ च्या जानेवारीत डॉ. दलालांनी शस्त्रक्रिया केली. डॉक्टरांचा आग्रह दुधाचा होता. गांधीजींनी तर दूध न पिण्याची शपथ घेतलेली. गाई-म्हशींचे दूध पिणार नाही अशी ती शपथ असेल तर शेळीच्या दुधाला हरकत काय, असे कस्तुरबा म्हणाल्या आणि गांधीजी कबूल झाले. शपथेचा शब्द पाळला पण अर्थ मोडला, ही बोच त्यांनी नंतर आत्मकथेत मोकळेपणाने लिहिली आहे. त्यांच्या चित्रांत कायमची जोडली गेलेली शेळी त्यांच्या आयुष्यात आली ती अशी, मुंबईच्या आजारपणात.

याच आजारपणात मणिभवनात चरखा फिरू लागला. ‘सत्याचे प्रयोग’ मध्ये आलेला हा प्रसंग तपशिलात पाहण्याजोगा आहे, कारण पुढे साऱ्या देशात पसरलेल्या खादीचा पहिला संसार त्यात दिसतो. विजापूर या बडोदा संस्थानातल्या गावी गंगाबेन मजमुदार यांना घरोघर माळ्यावर पडलेले चरखे सापडले होते आणि सुताचे काम तिकडे सुरू झाले होते. मुंबईत पडून असलेल्या गांधीजींनी इथेही सूत कातणाऱ्यांचा शोध घेतला. दोघीजणी मिळाल्या. शेरभर सुताला, म्हणजे २८ तोळ्यांना, त्या एक रुपया घेत. विजापूरच्या दराशी ताडून पाहिल्यावर हा भाव फार जास्त असल्याचे कळले, त्या दर कमी करायला तयार होईनात, आणि अखेर त्यांना निरोप द्यावा लागला. तोवर त्यांच्याकडून आणखी काही बायका कातायला शिकल्या होत्या. त्यांत अवंतिकाबाई गोखले होत्या, रमीबाई कामदार होत्या, शंकरलाल बँकर यांच्या मातोश्री होत्या, वसुमतीबेन होत्या.

सूत कातायचे तर पेळू हवेत. गिरणीचे पेळू वापरायचे तर खादीचा अर्थच उरत नाही. तेवढ्यात घरावरून रोज एक पिंजारी जाताना ऐकू येई. धनुकलीच्या तातीचा टणत्कार करत तो गल्लीतून फिरे. गांधीजींनी त्याला वर बोलावले. तो गाद्यांसाठी कापूस पिंजत असे. पेळूंसाठी कापूस पिंजून द्यायला तो तयार झाला, पण भाव भक्कम सांगितला आणि गांधीजींनी तो दिला. या सुताची त्यांनी वैष्णव मित्रांना विक्री केली. श्रावणातल्या पवित्रा एकादशीला देवाला वाहायची सुताची पवित्री त्यातून झाली. म्हणजे मणिभवनात निघालेले सूत आधी देवाच्या गळ्यात पडले, माणसांच्या अंगावर नंतर आले. खोलीतल्या चरख्याच्या गुणगुणण्याने आपण बरे व्हायला मोठी मदत झाली, असे गांधीजींनी लिहून ठेवले आहे. तो पिंजारी आत्मकथेत चार ओळींपुरता येतो आणि त्याचे नावही कळत नाही. पण राजकीय बैठकांच्या यादीपेक्षा या चार ओळींतच मणिभवन हे एक नांदते घर म्हणून जास्त जिवंत होते.

अवंतिकाबाई गोखल्यांचे नाव मराठी वाचकांसाठी थोडे थांबून वाचण्यासारखे आहे. चंपारणात गांधीजींनी ज्या स्वयंसेवकांना शाळा चालवायला बोलावले त्यांत त्या होत्या. १९१८ मध्ये त्यांनी गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले आणि त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना लाभली. गिरगावात काम करणाऱ्या हिंद महिला समाजाच्याही त्या संस्थापक होत्या. मणिभवन ही केवळ गुजराती व्यापाऱ्यांच्या वर्तुळातली जागा नव्हती. गिरगाव-गावदेवीच्या मराठी सुशिक्षित घरांतल्या बाया तिथे जात-येत होत्या आणि त्यांनी तिथे चरखा हाती घेतला.

१९१९ च्या मार्चमध्ये रौलट कायदा मंजूर झाला आणि हे घर पाहता पाहता शांत आजारपणातून लढ्याच्या मध्यावर आले. ६ एप्रिलला चौपाटीवर हजारो लोक समुद्रस्नानाला जमले, तिथून मिरवणूक माधवबागेकडे गेली, दिवसभर हरताळ पाळला गेला. संध्याकाळी गांधीजींनी सरकारने बंदी घातलेली आपलीच पुस्तके, ‘हिंद स्वराज’ आणि ‘सर्वोदय’, मोटारीतून फिरून विकली. किंमत ४ आणे होती, पण लोक खिशात हात घालून निघेल तेवढे देत होते. ‘हिंद स्वराज’च्या एका प्रतीला ५० रुपये मिळाले.

दुसऱ्या दिवशी, ७ एप्रिलला, त्यांनी ‘सत्याग्रही’ नावाचे साप्ताहिक काढले. छापखान्यांविषयीच्या कायद्याप्रमाणे त्याची नोंदणी केलेली नव्हती आणि ती करायची नाही हाच त्याचा हेतू होता. अंक लहानसा, किंमत एक पैसा. त्यावर संपादकाचे पूर्ण नाव छापले होते आणि त्याखाली पत्ता: लॅबर्नम रोड, गावदेवी, मुंबई. कायदा मोडायचा तर लपून नाही, नाव आणि ठिकाण सांगून मोडायचा, हे सत्याग्रहाचे तत्त्व होते. पण तो पत्ता गांधीजींच्या घराचा नव्हता. तो एका जवाहिऱ्याच्या राहत्या घराचा होता, जिथे त्याचे कुटुंब नांदत होते आणि ज्याचा धंदा बाजारातल्या पतीवर चालत होता. जवाहिराच्या व्यापारात पत म्हणजे सर्वस्व. लाखोंचा माल चिठ्ठीवर आणि शब्दावर हातोहात जातो. अशा माणसाने आपल्या दाराचा पत्ता बेकायदा पत्रावर छापू दिला याचे मोल किती होते, हे त्या धंद्यातला माणूसच ओळखेल. रेवाशंकरभाईंच्या धैर्याबद्दल फारसे लिहिले गेलेले नाही. या एका ओळीत ते पुरेसे दिसते.

लगेच त्या धैर्याची परीक्षाही झाली. पंजाबकडे निघालेल्या गांधीजींना पलवल स्टेशनवर अडवून सरकारने परत मुंबईला आणून सोडले. ते थेट रेवाशंकरभाईंच्या घरी आले. अटकेच्या बातमीने शहर खवळले होते आणि पायधुणीजवळ कोणत्याही क्षणी दंगा पेटेल अशी स्थिती होती. ते पोचतात न पोचतात तोच त्यांचे सहकारी उमर सोबानी आणि अनसूयाबेन मोटार घेऊन आले आणि त्यांना पायधुणीला घेऊन गेले. तिथे घोडेस्वार पोलीस जमावावर भाले परजत कसे घुसले आणि माणसे घोड्यांच्या टापांखाली कशी आली, हे गांधीजींनी प्रत्यक्ष पाहिले.

१९२१ च्या नोव्हेंबरात या घराने त्याहून कठीण दिवस पाहिले. १७ तारखेला प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. काँग्रेसने बहिष्काराची हाक दिली होती. विदेशी कपडे घातलेल्यांवर आणि स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती, ज्यू लोकांवर जमाव तुटून पडला. त्यावर प्रतिहल्ले झाले. पोलिसांनी गोळीबार केला. पन्नासहून जास्त माणसे मेली. अहिंसेच्या नावाने चाललेल्या चळवळीत हे घडले याचा गांधीजींना जबर धक्का बसला. १९ नोव्हेंबरला त्यांनी मणिभवनात उपवास सुरू केला आणि शांतता प्रस्थापित होईपर्यंत अन्न घेणार नाही असे जाहीर केले. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती पुढारी गल्लीगल्लीतून फिरले. दंगल शमली आणि २२ तारखेला सर्व धर्मांच्या लोकांच्या साक्षीने उपवास सुटला. जमावाच्या हिंसेचे प्रायश्चित्त म्हणून पुढे त्यांनी केलेल्या उपवासांची वाट या घरातून जाते.

त्यानंतरची काही वर्षे मणिभवनाच्या दृष्टीने उतरत्या वर्दळीची आहेत. १९२२ मध्ये गांधीजींना साबरमतीला अटक झाली. १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन सुटल्यावर विश्रांतीसाठी ते जुहूला राहिले. घर पुन्हा गजबजले ते १९३१ मध्ये, गांधी-आयर्विन करारानंतर. त्या वर्षी जूनमध्ये काँग्रेस कार्यकारिणी इथे भरली आणि लंडनच्या गोलमेज परिषदेला गांधीजींनी जावे की नाही याचा खल झाला.

त्याच वर्षीची एक भेट महाराष्ट्राच्या इतिहासात फार महत्त्वाची आहे. १४ ऑगस्ट १९३१ रोजी दुपारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह मणिभवनात आले. दोघांची ही पहिलीच समोरासमोर भेट. दोघांनाही गोलमेज परिषदेचे निमंत्रण होते. आंबेडकरांची बोट तर दुसऱ्याच दिवशी सुटणार होती. बोलणे सुरुवातीपासून ताणलेले होते. काँग्रेसने अस्पृश्यतानिवारणासाठी खर्च केलेल्या पैशाचा दाखला गांधीजींनी दिला. त्या पैशातून अस्पृश्यांच्या हाती काहीच लागले नाही, असे आंबेडकरांनी तोंडावर सांगितले. ज्या भूमीवर कुत्र्या-मांजरांपेक्षा हीन वागणूक मिळते तिला मायभूमी कशी म्हणू, हा त्यांचा सवाल याच घरातला. गांधीजींनी त्यांची देशभक्ती मानली, पण अस्पृश्यांना हिंदूंपासून राजकीय दृष्ट्या वेगळे काढण्याला ठाम विरोध केला. गांधीजींचे सचिव महादेव देसाई यांच्या नोंदीवरून कळते की आंबेडकर हे अस्पृश्य समाजातले आहेत हे गांधीजींना तोवर माहीतच नव्हते. अस्पृश्यांविषयी कळकळ असणारे ते एखादे ब्राह्मण असावेत असा त्यांचा समज होता. त्या दुपारचा वाद लंडनच्या परिषदेत गेला, तिथून १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात आणि पुणे करारात गेला. मणिभवनाची कहाणी चरखा आणि प्रार्थनेपुरती सांगितली तर ती अपुरी राहते. ही भेटही तितक्याच ठळकपणे सांगायला हवी.

२८ डिसेंबर १९३१ ला गांधीजी लंडनहून रिकाम्या हाताने परतले. ते दूर असतानाच जवाहरलाल नेहरू आणि खान अब्दुल गफार खान यांना अटक झाली होती आणि संयुक्त प्रांत, वायव्य सरहद्द, बंगाल इथे वटहुकूम लागू होते. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मणिभवनात कार्यकारिणीने सविनय कायदेभंग पुन्हा सुरू करण्याचा ठराव केला. अटक होणार हे सगळ्यांना कळून चुकले होते. घरात माणसे मावत नव्हती. गच्चीवर तंबू ठोकले होते आणि गांधीजी तिथेच झोपत. वेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी मित्र शामराव हिवाळे हेही त्या रात्री तिथे होते. पुढे या दोघांनी मध्य प्रांतातल्या गोंडांमध्ये अनेक वर्षे काम केले.

४ जानेवारी १९३२ च्या पहाटे पोलीस कमिशनर जिना चढून गच्चीवर आला. सोमवार होता, गांधीजींच्या मौनाचा वार. जे बोलायचे ते त्यांनी कागदावर लिहून दिले. सामान बांधले गेले, ‘वैष्णव जन’ म्हटले गेले, जमलेली माणसे पाया पडली आणि मोटार येरवड्याच्या दिशेने निघाली. ज्या कायद्याखाली त्यांना पकडले तो मुंबई इलाख्याचा १८२७ चा २५ वा रेग्युलेशन होता. खटला न चालवता, मुदत न सांगता कोणालाही डांबून ठेवण्याची मुभा त्यात सरकारला होती. १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना याच कायद्याखाली उचलले होते.

१९३४ च्या जूनमध्ये कार्यकारिणीची बैठक इथे पुन्हा भरली. त्यानंतर गांधीजींचे मुंबईतले मुक्काम दुसरीकडे होऊ लागले. त्यांचे केंद्र वर्ध्याला गेले, १९३६ मध्ये सेवाग्राम उभे राहिले, आणि मुंबईत आले की ते मलबार हिलच्या बिर्ला हाउसमध्ये किंवा जुहूला उतरत. १९४२ च्या ८ ऑगस्टला गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ते मैदान मणिभवनापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे, तरी दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना अटक झाली ती बिर्ला हाउसमधून. लॅबर्नम रोडचा चळवळीशी संबंध मात्र संपला नव्हता. त्या वर्षी उषा मेहता आणि त्यांचे साथी जो गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते, त्याच्या सतत बदलत्या ठिकाणांत या रस्त्यावरची एक इमारतही होती. पुढे याच उषाबेन मणिभवनाच्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या आणि २००० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत या घराशी बांधलेल्या राहिल्या.

गांधीजींच्या हत्येनंतर देशभरातून जमलेल्या निधीतून गांधी स्मारक निधी स्थापन झाला. ठिकठिकाणी संग्रहालये उभारणे हे त्याचे एक काम होते. मुंबईसाठी नवे भवन बांधण्याऐवजी हे घर घेतले गेले आणि २ ऑक्टोबर १९५५ रोजी ते राष्ट्राला अर्पण झाले. हा निर्णय शहाणपणाचा ठरला. गावदेवीच्या आसपासची त्या पिढीतली किती तरी घरे नंतरच्या दशकांत पाडली गेली आणि तिथे उंच इमारती आल्या. मणिभवन वाचले ते पाहुण्याच्या पुण्याईने.

आज तळमजल्यावर ग्रंथालय आहे. गांधीजींची आणि गांधीविचारावरची सुमारे ५० हजार पुस्तके त्यात असून अभ्यासक ते नित्य वापरतात. जिन्यातून वर जाताना भिंतीवर छायाचित्रे लागतात. पहिल्या मजल्यावर सभागृह आहे. दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली काचेपलीकडे जशीच्या तशी राखलेली आहे: जमिनीवर पांढरी गादी आणि तक्क्या, बैठे मेज, चरखे. खोलीत पाहण्यासारखे म्हणून फार काही नाही आणि तेच डोळ्यांत भरते. शेजारी लहान बाहुल्यांच्या रूपात गांधीजींच्या आयुष्यातले प्रसंग मांडले आहेत. पोरबंदरच्या बालपणापासून दिल्लीच्या अखेरच्या दिवसांपर्यंतचे हे २८ देखावे सुशीला गोखले-पटेल यांनी केलेले आहेत, आणि शाळेच्या सहली सर्वांत जास्त वेळ तिथे रेंगाळतात. गांधीजींनी १९३९ मध्ये हिटलरला लिहिलेल्या पत्राची प्रतही प्रदर्शनात आहे.

स्मारक झाल्यावरही या घराने पाहुणचार सोडला नाही. १९५९ मध्ये मार्टिन लूथर किंग आणि कोरेटा किंग भारतात आले तेव्हा मुंबईत त्यांनी मणिभवनात मुक्काम केला. संग्रहालयात पाहुणा राहतो ही गोष्ट विरळाच. इथे ती घराच्या स्वभावाला धरून होती. ६ नोव्हेंबर २०१० ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा इथे येऊन गेले.

मांडणीत एक उणीव मात्र जाणवते. घराचा सारा भर गांधीजींवर आहे आणि ते स्वाभाविकही आहे. पण झवेरी कुटुंबाचा संसार तिथे दिसत नाही. एवढ्या माणसांची पंगत रोज वाढणारे स्वयंपाकघर कसे चालत होते, घरच्या बायकांवर त्याचा भार किती पडला, जवाहिऱ्याच्या चोपड्या आणि काँग्रेसचे ठराव एकाच छपराखाली कसे नांदले, हे त्या खोल्यांमधून कळत नाही. रायचंदभाईंची पेढी, रंगूनचे डॉ. मेहता, सांताक्रूझचा बंगला ही पार्श्वभूमी एका खोलीत मांडली गेली तर दुसऱ्या मजल्यावरची ती पांढरी गादी कोणाच्या घरात घातली होती हे येणाऱ्याला उमगेल. ग्रँट रोड स्टेशनहून नाना चौकाच्या वाटेने इथवर पायी येता येते. ‘सत्याग्रही’च्या अंकावर संपादकाच्या नावाखाली छापलेला लॅबर्नम रोड, गावदेवी हा पत्ताच आज संग्रहालयाचा पत्ता आहे, घराचा क्रमांक १९.